दाबाचा आकडा कुणी तपासला?

डोळ्याचा दाब रुग्णाला जाणवत नाही. बहुतेक वेळा दुखत नाही, खुपत नाही. त्याचा आकडा फक्त डॉक्टर पाहतात, फाईलमध्ये लिहितात आणि कधी कधी त्या आकड्यावर काचबिंदूचे आयुष्यभराचे थेंब सुरू होतात. आकडा ज्या यंत्रातून येतो ते यंत्र बरोबर आहे का, हे कोण बघतं, किती दिवसांनी बघतं, आणि एवढं बघायची खरंच गरज आहे का? या प्रश्नावर एका घरातले दोघं भांडले. मामा शेवगावात डोळ्यांचा दवाखाना चालवतात. भाची सुप्याच्या एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात गुणवत्ता विभागात आहे. मायक्रोमीटर, व्हर्नियर, गेज यांच्यात तिचा दिवस जातो.

निमित्त झालं भाचीच्या आईचं. एका शिबिरात हवेच्या यंत्रावर तिच्या उजव्या डोळ्याचा दाब २४ आला. चार दिवसांनी मामांच्या दवाखान्यात तोच डोळा १९ दाखवू लागला. साधारण १० ते २१ मिलिमीटर पारा हा दाब नेहमीचा मानतात. म्हणजे एक आकडा कुंपणाच्या आत, दुसरा बाहेर.

भाची : मामा, थेंब सुरू करायचे की नाही हे मी विचारत नाही, ते तुमचं. मला एवढंच सांगा, २४ खरं की १९?

मामा : दोन्ही खरं असू शकतं. अगं, दाब म्हणजे तुमच्या लोखंडी बुशचा व्यास नव्हे. निरोगी डोळ्यातसुद्धा तो दिवसभरात तीन ते सहा मिलिमीटरनं वरखाली होतो. त्यातून शिबिरात ताई घाबरलेली असणार. हवेचा फुसकारा येणार म्हणून डोळे घट्ट मिटले, श्वास रोखला, की आकडा चढलाच.

भाची : आणि यंत्रच चुकीचं दाखवत असेल, हे तुमच्या यादीत आहे का?

मामा : आहे की. पण शेवटी.

भाची : आमच्याकडे ते पहिलं असतं. पार्ट रिजेक्ट झाला तर आधी मोजणारं गेज तपासायचं, मग मशीन, मग माणूस.

मामा : कारण तुमचा पार्ट श्वास रोखत नाही!

मामांचं हे उत्तर हसण्यावारी नेण्यासारखं नाही. नेत्रतज्ज्ञाला रोज ज्या गोष्टींशी झगडावं लागतं त्या बहुतेक रुग्णाच्या डोळ्यात असतात, यंत्रात नसतात. पण म्हणून यंत्राचा नंबर कायमच शेवटचा लागावा का, हा प्रश्न उरतोच.

मामांकडचं यंत्र गोल्डमनच्या पद्धतीचं आहे. हान्स गोल्डमन हे स्वित्झर्लंडमधल्या बर्नचे नेत्रतज्ज्ञ. १९५० च्या दशकात त्यांनी ही रीत बसवली आणि आजही जगभर याच यंत्राला प्रमाण मानतात. डोळा बधिर करायचे थेंब आणि पिवळा रंग घालायचा, स्लिट लॅम्पसमोर, म्हणजे डोळा तपासायच्या दुर्बिणीसमोर, हनुवटी टेकवायची, आणि एक छोटं प्रिझम बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला हलकेच टेकवायचं. तो पडदा ३.०६ मिलिमीटर व्यासाइतका सपाट व्हायला किती जोर लागतो, ते यंत्र सांगतं. व्यास एवढा नेमका का? कारण तिथे अश्रूंची ओढ आणि पडद्याचा ताठरपणा एकमेकांना जवळजवळ काटतात, आणि हिशेबही सोपा होतो: एक ग्रॅम जोर म्हणजे १० मिलिमीटर पारा. चकतीवर २ आलं की दाब २०. यंत्राच्या या भागात ना बॅटरी, ना चिप. एक स्प्रिंग आणि तोलावर उभा असलेला एक हात, संपलं.

भाची : त्या यंत्राच्या डब्यात एक धातूची दांडी येते. तुमची कुठे आहे?

मामा : असेल कपाटात. वर्षातून एकदा पुण्याहून इंजिनिअर येतो, तो बघतो ते सगळं.

भाची : बघतो म्हणजे काय करतो?

मामा : पुसतो, स्क्रू बघतो, बल्ब बदलतो. स्टिकर लावतो.

भाची : स्टिकरवर काय लिहिलंय?

मामा : तारीख. पुढची तारीख. सही.

भाची : आकडा?

मामा : कसला आकडा?

भाची : किती चुकत होतं, किती दुरुस्त केलं, आता किती चुकतंय. आमच्या मायक्रोमीटरचं सर्टिफिकेट आलं की मी आधी तेच बघते. ‘तपासलं, ठीक आहे’ एवढंच लिहिलेलं असेल तर परत पाठवते. प्रयोगशाळेला एनएबीएलची मान्यता पाहिजे, तिचं मोजमाप दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत जोडलेलं पाहिजे. ऑडिटर आला की तो मशीनकडे नंतर बघतो, स्टिकर आधी.

मामा : थांब, तूच सापडलीस. समजा तुझं ते सगळं झालं. दिल्लीपर्यंत जोडलं. एक तारखेला स्टिकर लागलं. दोन तारखेला मी हाच स्लिट लॅम्प जीपमध्ये घालून पाथर्डीच्या पुढे डोंगरात शिबिराला नेला. रस्ता तुला माहीत आहे. परत आणून टेबलावर ठेवला. आता तुझं स्टिकर खरं की खोटं?

भाची : (जरा थांबून) स्टिकर एक तारखेपुरतं खरं.

मामा : मग उरलेल्या तीनशे चौसष्ट दिवसांचं काय?

इथे भाचीची बाजू लंगडी पडते आणि ती स्वतः ते मान्य करते. नगर जिल्हा क्षेत्रफळानं राज्यात सर्वांत मोठा आहे, सतरा हजार चौरस किलोमीटरच्या वर, चौदा तालुके. (कागदोपत्री २०२४ पासून अहिल्यानगर, बोलण्यात अजून नगरच.) इथली बरीचशी नेत्रतपासणी शाळेच्या वर्गात, मंगल कार्यालयात, ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये होते. यंत्रं हलतात, आपटतात, उन्हाळ्यात त्यांच्यावर धूळ बसते. वर्षातून एकदा येणाऱ्या माणसाच्या सहीवर भरवसा ठेवायचा तर तो माणूस गेल्यानंतर यंत्राला काहीच होत नाही असं धरावं लागेल. प्रमाणपत्र जितकं देखणं तितका हा भ्रम पक्का.

भाची : तुम्ही बरोबर बोलताय, पण त्यातून तुम्ही जे काढताय ते चूक. स्टिकर पुरत नाही म्हणून काहीच करायचं नाही? आमच्याकडे सर्टिफिकेट वर्षाचं असतं, तरी रोज सकाळी शिफ्ट सुरू व्हायच्या आधी मायक्रोमीटर मास्टरवर लावून बघतात. दोन मिनिटं. तो काल संध्याकाळी कुणाच्या हातून पडला असेल तर तिथेच कळतं. ती तुमची दांडी म्हणजे तुमचा मास्टर आहे, मामा. यंत्र बनवणाऱ्यानं तो तुम्हाला फुकट दिलाय.

दांडी सापडली. यंत्राच्या मूळ डब्यात, प्लास्टिकच्या पिशवीत, न उघडलेली. भाचीनं यंत्राचं पुस्तक वाचून ठेवलं होतं, त्यामुळे पुढची दहा मिनिटं तीच शिक्षक झाली.

रीत अशी. प्रिझम जागेवर बसवलेलं असलं पाहिजे, कारण त्याचंही वजन तोलात धरलेलं असतं. आधी दांडी न लावता शून्य बघायचं. चकती शून्याच्या किंचित खाली, म्हणजे उणे ०.०५ वर नेली की हात डॉक्टरच्या बाजूला झुकला पाहिजे. अधिक ०.०५ वर नेली की रुग्णाच्या बाजूला. मग दांडी लावायची. तिच्यावर पाच रेघा कोरलेल्या असतात. मधली शून्याची, तिच्या दोन्ही बाजूंच्या २ च्या, टोकाच्या ६ च्या. २ ची रेघ खुणेवर आणून दांडीचा लांब भाग डॉक्टरकडे ठेवला की १.९५ वर हात डॉक्टरकडे आणि २.०५ वर रुग्णाकडे पडला पाहिजे. ६ च्या रेघेला तेच, ५.९ आणि ६.१ वर. यातली २ ची परीक्षा सगळ्यात महत्त्वाची, कारण २ म्हणजे २० मिलिमीटर, आणि औषधाचे बहुतेक निर्णय त्याच्याच आसपास घुटमळतात.

मामांच्या यंत्रानं शून्याची परीक्षा पास केली. ६ वर थोडं इकडेतिकडे. २ च्या रेघेवर मात्र हात रुग्णाकडे पडायला चकती २.१५ पर्यंत न्यावी लागली.

मामा : म्हणजे दीड मिलिमीटर.

भाची : जास्त दाखवतंय. खरा जोर २ असताना चकती २.१५ म्हणते. आईचे १९ म्हणजे खरे साडेसतरा.

मामा : म्हणजे शिबिराच्या २४ पासून आपण अजून लांब गेलो! तुझ्या तपासणीनं कोडं सुटायच्या ऐवजी वाढलं.

भाची : वाढू दे की. निदान दोनातला एक आकडा आता पायावर उभा आहे.

मामा : आणि दीड म्हणजे कितीसं गं? मी तुला सांगितलं ना, दिवसात दाब पाचनं हलतो. पडद्याच्या जाडीचा फरक घे. गोल्डमननं सगळा हिशेब सुमारे ५२० मायक्रॉन जाडी धरून केलाय. ज्याचा पडदा जाड त्याचा दाब उगाच जास्त दिसतो, पातळ असेल त्याचा कमी. त्यातला घोळ तुझ्या दीडपेक्षा मोठा असतो कित्येकदा. या सगळ्या गर्दीत तुझा दीड बुडून जातो.

भाची : बुडत नाही, मामा. हाच तर मुद्दा आहे. दिवसाचा चढउतार कधी वर असतो, कधी खाली. चार वेळा मोजलं की सरासरीत तो विरतो. यंत्राचा दोष चारही वेळा त्याच बाजूला असतो. चाळीस वेळा मोजा, तो जागचा हलणार नाही. आणि पडद्याची जाडी त्या एका माणसाची असते. ती तुम्ही मोजता, फाईलमध्ये लिहिता, पुढचा डॉक्टर ती वाचतो. यंत्राचा दोष त्या खुर्चीत बसलेल्या प्रत्येकाच्या फाईलमध्ये जातो, आणि लिहिलेला कुठेच नसतो.

मामा : पण माझ्याकडचा जुना रुग्ण घे. गेल्या वेळी दीड जास्त दिसलं, या वेळीही दीड जास्त. फरक तर खराच निघाला ना? मला शेवटी फरकच हवा असतो. थेंबांनी दाब उतरला की नाही.

भाची : दोष कालही दीडच होता हे तुम्हाला कसं कळलं? दांडी तर आज पहिल्यांदा पिशवीतून निघाली.

याला मामांकडे उत्तर नव्हतं. शिवाय इथला रुग्ण एका खुर्चीचा नसतो. शेवगावचा माणूस एकदा नगरला दाखवतो, एकदा छत्रपती संभाजीनगरला, मुलगा पुण्यात असला तर तिकडे. संगमनेर-अकोले भागातली माणसं लोणीला जातात नाहीतर नाशिकला. जामखेडचा माणूस कुठेही जातो. प्रत्येक ठिकाणी वेगळं यंत्र, आणि फाईलमध्ये आकडे मात्र एकाखाली एक अशा थाटात लिहिलेले की जणू एकाच हातानं मोजलेत. डॉक्टर त्या रकान्यातून दाब चढला की उतरला ते वाचतात.

मामांचा खरा बिनतोड मुद्दा यानंतर आला.

मामा : तू दाबाला फार मोठं करून ठेवलंयस. काचबिंदू हा दाबाचा आजार नाही, डोळ्याच्या नसेचा आजार आहे. आपल्या देशात काचबिंदू झालेल्यांपैकी मोठ्या हिश्शाचा दाब तपासणीच्या दिवशी २१ च्या आतच सापडतो. मी नस बघतो, नसेचा फोटो काढतो, नजरेचा परीघ बघणारी फील्ड टेस्ट करतो. ताईची नस चांगली असेल तर २४ असो की १८, मी आज थेंब देणार नाही. नस खराब असेल तर १६ ला पण देईन. यंत्राच्या दीड मिलिमीटरनं माझं निदान बदलत नाही.

भाची : निदान नाही बदलत. मान्य. पण निदान झाल्यावर काय करता?

मामा : दाब उतरवतो.

भाची : दुसरं काही उतरवता येतं?

मामा : नाही. सध्या तरी तेवढंच आपल्या हातात आहे.

भाची : मग ज्या एका गोष्टीवर सगळा इलाज चालतो ती मोजणारं यंत्र दीडनं चुकलेलं चालतं?

मामा गप्प बसले ते तिच्या वाक्चातुर्याला दाद म्हणून नाही. स्वीडनमधल्या एका गाजलेल्या अभ्यासाचं मर्म त्यांना माहीत आहे. काचबिंदूच्या सुरुवातीच्या रुग्णांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवून तिथल्या डॉक्टरांनी काढलेला निष्कर्ष असा, की दाब एकेक मिलिमीटरनं कमी झाला तरी आजार पुढे सरकण्याचा धोका सुमारे दहा टक्क्यांनी घटतो. एक मिलिमीटरला एवढं मोल असेल तर दीड मिलिमीटरला ‘कितीसं’ म्हणता येत नाही. समजा डॉक्टरनं ठरवलं, या रुग्णाचा दाब १५ च्या खाली ठेवायचा. यंत्र दोननं कमी दाखवत असेल तर रुग्ण प्रत्यक्षात १७ वर फिरत राहतो आणि दर तीन महिन्यांनी शाबासकी घेऊन घरी जातो. यंत्र जास्त दाखवत असेल तर उलटं होतं. एक थेंब पुरत होता तिथे दोन होतात, औषधाचा खर्च वाढतो, डोळे लाल होतात, आणि मग रुग्ण कंटाळून सगळंच सोडतो.

ही शेवगावपुरती गोष्ट नाही. चेन्नईच्या शंकर नेत्रालयासारख्या नावाजलेल्या संस्थेतल्या डॉक्टरांनी आपल्याच रुग्णालयातली गोल्डमन यंत्रं तपासली आणि २००९ मध्ये निष्कर्ष छापले. बनवणाऱ्यानं घालून दिलेल्या अर्ध्या मिलिमीटरच्या मर्यादेत बसणारी यंत्रं अगदी थोडी निघाली. मोठ्या संस्थेनं आपलं घर आधी झाडून दाखवलं हे मला महत्त्वाचं वाटतं. पुढे २०१४ मध्ये चेन्नई-हैदराबादच्या डॉक्टरांनी आणखी एक उपयोगी गोष्ट लिहिली: बिघडलेली बरीच यंत्रं दवाखान्यातच दुरुस्त होतात, आणि त्यातली बरीचशी नुसत्या नीट साफसफाईनं सुधारतात. म्हणजे ‘कारखान्यात पाठवलं तर दोन महिने दवाखाना बंद’ ही भीती बऱ्याच वेळा अनाठायी.

मामा : आमच्या शिकायच्या काळात हे असं नव्हतं. शिओट्झचं यंत्र असायचं. रुग्णाला आडवं निजवायचं आणि यंत्र सरळ डोळ्यावर उभं ठेवायचं. त्याच्या पेटीत धातूचा एक गोल ठोकळा असायचा. आधी यंत्र ठोकळ्यावर ठेवायचं, काटा शून्यावर आला तरच रुग्णाला हात लावायचा. नाही आला की सर यंत्र हिसकावून घ्यायचे. दट्ट्यात अश्रू वाळून तो अडकतो, म्हणून रोज स्पिरिटनं पुसायचा.

हे यंत्र नॉर्वेच्या यालमार शिओट्झ यांनी १९०५ मध्ये काढलं आणि आपल्याकडच्या सरकारी दवाखान्यांत, मोतीबिंदूच्या शिबिरांत ते पुढची कित्येक दशकं राबलं. साडेपाच ग्रॅमच्या वजनावर काटा ५ वर थांबला तर दाब १७.३, आणि ३ वर थांबला तर २४.४. दोन घरांचा फरक, आणि निरोगी माणूस संशयित ठरायचा. म्हणूनच ठोकळा पेटीतच बसवलेला असे. गोल्डमनचं यंत्र त्याच्यापेक्षा कितीतरी सरस, यात वाद नाही. पण ठोकळा डोळ्यासमोर होता आणि दांडी कपाटात गेली. यंत्रं सुधारत गेली तशी त्यांच्यावर शंका घेण्याची सवय मात्र सुटत गेली. हवेच्या यंत्रानं तर कळसच केला. ते छापील चिठ्ठी देतं, आणि छापलेल्या आकड्याशी कोण भांडणार?

भाची : शिबिरातल्या त्या यंत्राला दांडी नसते ना?

मामा : नाही. ते आतल्या आत स्वतःला तपासतं, बाकी कंपनीचा माणूस. नळीच्या काचेवर धूळ किंवा अश्रू बसले तर आकडे भरकटतात. आम्ही काय करतो, हवेचं आणि गोल्डमनचं एकाच रुग्णावर अधूनमधून ताडून बघतो. फार फरक पडला तर कंपनीला फोन.

भाची : आणि ताडून कशाशी बघत होता? दीडनं चुकलेल्या गोल्डमनशी.

मामा : (हसून) आजपासून नाही.

मग वाद कायद्यावर गेला. आपल्या जिल्ह्यात वजनावर किती कडाक्याचं लक्ष असतं ते वेगळं सांगायला नको. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम आला की उसाच्या वजनात काटा मारल्याच्या तक्रारी, शेतकरी संघटनांची आंदोलनं, भरारी पथकं, एकाच गाडीचं दोन काट्यांवर वजन करून बघणं, हे दर वर्षीचं. किराणा दुकानातलं वजनसुद्धा दर दोन वर्षांनी वैधमापनवाल्यांकडून शिक्का मारून घ्यावं लागतं. कायद्यानं ताप मोजायची नळी धरली आहे, रक्तदाबाचं यंत्र धरलं आहे. सरकारमान्य तपासणी केंद्रांच्या २०१३ च्या नियमांत ही दोन्ही आहेत, डोळ्याच्या दाबाचं यंत्र नाही. २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम आहेत, पण त्यांचा रोख बनवणाऱ्यावर आणि विकणाऱ्यावर. दवाखान्यात दहा वर्षं वापरलेल्या यंत्राचा तोल कोण बघतो, ही त्यांची काळजी नाही.

भाची : जर्मनीत दर दोन वर्षांनी या यंत्राची तपासणी कायद्यानं करावी लागते. आपल्याकडे का नको?

मामा : कारण आपल्याकडे काय होईल ते मला दिसतंय. साहेब येणार, त्याला दांडी कुठल्या बाजूनं लावायची ते माहीत नसणार, तो शिक्का मारणार, पावती फाडणार. स्टिकरवर अजून एक स्टिकर. आणि तालुक्यातला एकटा डॉक्टर म्हणेल, जाऊ दे ते गोल्डमन, हवेचं यंत्र बरं. नाहीतर दाब मोजणंच नको. तुला माहीत आहे, देशात एक कोटीहून जास्त माणसांना काचबिंदू आहे आणि त्यातल्या बहुतेकांना तो आहे हेच ठाऊक नाही. त्यांचा दाब वाकडा मोजला म्हणून ते राहिले नाहीत, कुणी मोजलाच नाही म्हणून राहिले. वाकडं का होईना, मोजणं वाढलं पाहिजे.

भाची : वाकड्या मोजण्यानं कुणाला ‘तुम्ही ठीक आहात’ असं सांगून घरी पाठवलं तर? न मोजलेला माणूस निदान कधीतरी मोजून घेईल. चुकीचं मोजलेला येणारच नाही.

इथे मला दोघंही अर्धे बरोबर वाटतात, आणि कायद्याच्या बाबतीत माझं मत मामांकडे झुकतं. मोठ्या रुग्णालयांना एनएबीएचची मान्यता हवी असते, तिथे उपकरणांच्या नोंदी ठेवाव्याच लागतात. सरकारी रुग्णालयांसाठी २०१५ पासून राष्ट्रीय आरोग्य अभियानातून उपकरणांच्या देखभालीचा कार्यक्रम आहे. राहतो तो तालुक्याच्या पेठेतला एक डॉक्टर, एक मदतनीस, एक स्लिट लॅम्प असा दवाखाना, आणि आपली बहुतेक माणसं तिथेच जातात. त्याच्यावर आणखी एक इन्स्पेक्टर सोडून डोळे वाचणार नाहीत. पण कायदा नको म्हणणाऱ्यानं काम अंगावर घेतलं पाहिजे. दांडीची परीक्षा पाच मिनिटांची आहे, बिनखर्चाची आहे आणि तिला इंजिनिअर लागत नाही.

डॉक्टरही लागत नाही. ‘आमच्या मदतनिसाला हे जमणार नाही’ असं कुणी म्हणालं तर मी त्याला जामखेडचं उदाहरण देतो. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तिथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला आणि अक्षरओळख नसलेल्या बायकांना गावाच्या आरोग्याचं काम शिकवलं. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या बायकांनी जे पेललं त्याच्यापुढे एक दांडी, पाच रेघा आणि हात कुठल्या बाजूला पडला याची वहीत नोंद, हे काय अवघड?

भाची : मग ठरवा. महिन्यातून एकदा?

मामा : महिन्यातून एकदा. आणि शिबिराहून आलं की, आपटलं की, दुरुस्तीहून आलं की लगेच. मदतनीस बघेल, मी सही करीन. वही कुठली आणायची ते तू सांग, तुला हौस आहे.

भाची : साधी शंभर पानी. तारीख, शून्याला किती, २ ला किती, ६ ला किती, बघणाऱ्याचं नाव. दीड जास्त आलंय ते पण लिहा.

मामा : ते लिहायलाच हवं का? रुग्ण वाचतील.

भाची : वाचू देत. लिहिलेला दोष वजा करता येतो. यंत्र दुरुस्त होईपर्यंत त्यावर चिठ्ठी लावा, ‘२ च्या जवळ दीड जास्त’. आमच्याकडे असंच करतात.

चिठ्ठी लागली. आईच्या नसेचा फोटो झाला, फील्ड टेस्ट झाली, दोन्ही ठीक आली. थेंब सुरू केले नाहीत. वेगवेगळ्या वेळी दाब बघायला तिला पुन्हा बोलावलं आहे. शिबिरातल्या २४ चं काय झालं, ते हवेचं यंत्र चुकलं होतं की त्या घटकेला दाब खरंच चढला होता, हे कळायला आता मार्ग नाही, कारण त्या चिठ्ठीवर आकडा आहे आणि यंत्राची कसलीच खूण नाही.

चाळिशी ओलांडलेल्यांनी, घरात कुणाला काचबिंदू असलेल्यांनी, आणि ज्यांचे थेंब चालू आहेत त्यांनी तर नक्कीच, एक करावं. दाब मोजून झाला की फाईलमध्ये आकड्याशेजारी तीन गोष्टी लिहून मागाव्यात: कुठल्या प्रकारच्या यंत्रावर मोजला, किती वाजता मोजला, आणि ते यंत्र शेवटचं कधी तपासलं. डॉक्टरांनी रागावू नये. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देणारी दांडी त्यांच्याच कपाटात आहे.